बिनतारी लहर आणि जुना लॅपटॉप



इतिहासाच्या प्राध्यापकाने लॅपटॉपच्या वाय-फायवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना थोडे विपरीत वाटेल. हे काम दुरुस्तीवाल्याचे, असे कोणी म्हणाले तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट माझ्या अनुभवाला आली आहे. जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय चालेनासे होते तेव्हा पुष्कळदा त्यात मोडलेले असे काहीच नसते. यंत्र आपल्या सालात थांबलेले असते आणि भोवतालचे जग पुढे गेलेले असते. हे अंतर नेमके कुठे पडले, एवढेच शोधायचे असते. आणि साल शोधणे हा तर आमचा धंदाच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी वाडीवरच्या शाळेत शिक्षक आहे. एके दिवशी तो पिशवीत लॅपटॉप घालून घरी आला. चेहरा पडलेला होता.

"सर, याचं वाय-फाय गेलंय. तालुक्याच्या दुकानात दाखवलं. ते म्हणाले, आतलं कार्ड जळालंय, एवढ्या जुन्याला खर्च करू नका."

"मग काय ठरवलंस?"

"निर्लेखनाचा प्रस्ताव लिहायला घेतलाय. दुसरं काय करणार?"

निर्लेखन म्हणजे काय, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. डेडस्टॉक रजिस्टरमधून वस्तूचे नाव कमी करायचे आणि ती भंगारात द्यायची. हा लॅपटॉप गावाने लोकवर्गणी काढून शाळेला दिलेला होता. त्या शाळेत दुसरा संगणक नव्हता. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. मी त्याला एकच विचारले, "अरे, हा कोणत्या सालचा?" आम्ही लॅपटॉप उलटा करून खालची चिठ्ठी वाचली. २००९. या एका आकड्याने आमचे निम्मे काम केले. ते कसे, हे समजायला आपल्याला थोडे मागे जायला हवे.

तारेवाचून संदेश धाडता येतो, हे ज्ञान कालपरवाचे नव्हे. जर्मनीत हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या. पुढे काही वर्षांतच कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी अशा लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली, आणि तीही मध्ये भिंती असताना. बसूंच्या लहरी फार आखूड, मिलिमीटरांत मोजण्याजोग्या होत्या. रेडिओची मध्यम लहर शेकडो मीटर लांब असते. वाय-फायची नेहमीची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणजे वीतभरही नाही. जात सगळ्यांची एकच. माप तेवढे निराळे.

माणसांचे बिनतारी बोलणे लवकर सुरू झाले. यंत्रांनी यंत्रांशी तसे बोलावे, याला मात्र १९७१ साल उजाडावे लागले. हवाई बेटे समुद्राने एकमेकांपासून तुटलेली. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर आणि तो वापरणारे लोक दुसऱ्या बेटांवर. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओच्या लहरींनी ही बेटे संगणकाला जोडली. या जोडणीचे नाव अलोहानेट. अडचण अशी की, दोन ठिकाणांहून एकाच वेळी संदेश निघाले तर दोन्ही बिघडत. वर्गात दोन मुले एकदम बोलू लागली तर गुरुजींना एकाचेही कळत नाही, तसेच ते. तोडगा त्यांनी साधाच काढला. पोच आली नाही तर थोडे थांबायचे, प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबायचे, आणि पुन्हा बोलायचे. आजचे वाय-फाय याच वळणाने चालते. फरक इतकाच की, ते आधी कानोसा घेते आणि मग बोलते. म्हणून एका हॉटस्पॉटवर सगळी शाळा जोडली की वेग मंदावतो. तो लॅपटॉपचा दोष नव्हे. बोलायची पाळी उशिरा येते, इतकेच.

आता प्रश्न आला परवान्याचा. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र परवान्यावाचून बाळगता येत नसे. सगळीकडे साधारण असाच कारभार होता. लहरींचा प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी नावावर असे. लष्कराच्या, विमानांच्या, नभोवाणीच्या. मग मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने असे ठरवले की, काही पट्टे ठरावीक मर्यादेत कुणीही परवान्याशिवाय वापरावेत. हे पट्टे कारखान्यांतल्या, वैद्यकीय आणि स्वयंपाकाच्या लहरयंत्रांसाठी बाजूला काढलेले होते. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तो याच पट्ट्यात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचे तर हे गावाचे गायरान झाले. तिथे कुणाचीही गुरे चरोत. पण दुसऱ्याच्या गुरांनी गवत खाल्ले अशी तक्रार मात्र कुणी करायची नाही. जवळ मायक्रोवेव्ह सुरू झाला की वाय-फाय अडखळते, त्याचे मूळ या गायरानात आहे. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये.

गायरान मिळाले, पण प्रत्येक कंपनीची गुरे निराळ्या हाकेला ओ देणारी. एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलेना. म्हणून १९९० मध्ये अभियंत्यांची एक समिती बसली. दुकानांच्या गल्ल्यांवरची हिशेबाची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत, हॉलंडमध्ये, विक हेज नावाचे गृहस्थ होते; त्यांनी ही समिती दीर्घकाळ चालवली. १९९७ मध्ये पहिला नियम ठरला. त्याचे सरकारी थाटाचे नाव ८०२.११. वेग सेकंदाला एक ते दोन मेगाबिट. १९९९ मध्ये सुधारलेला नियम आला आणि वेग अकरावर गेला. त्याच वर्षी कंपन्यांनी एकत्र येऊन या आकड्याऐवजी लोकांच्या तोंडी बसेल असे नाव शोधले. ते नाव वाय-फाय. हे एखाद्या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप आहे, अशी समजूत सर्वत्र आहे, पण ती बरोबर नाही. बाजारासाठी घडवलेला तो एक सुटसुटीत शब्द आहे.

इथून आपण लॅपटॉपपाशी येतो. जुलै १९९९ मध्ये अ‍ॅपल कंपनीने बिनतारी कार्ड बसवता येईल असा आयबुक लॅपटॉप न्यूयॉर्कमध्ये दाखवला. पण कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. इतर बहुतेक लॅपटॉपांना ते बाजूच्या खाचेत खोचावे लागे. मार्च २००३ मध्ये इंटेल कंपनीने सेंट्रिनो नावाने लॅपटॉपच्या आतल्या भागांचा एक संच बाजारात आणला. त्यात वाय-फायचे कार्ड आतच बसवलेले. तिथपासून वाय-फाय ही लॅपटॉपची नेहमीची गोष्ट झाली.

पण त्यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या अडचणीचे मूळ तिथेच होते. कार्ड बाहेरून खोचत तेव्हा नको असेल तर काढून ठेवता येई. ते आत गेल्यावर बंद कसे करायचे? विमानात बिनतारी यंत्र बंद ठेवावे लागे, आणि त्या काळच्या बॅटऱ्या लवकर संपत. म्हणून कंपन्यांनी लॅपटॉपच्या कडेला एक खराखुरा खटका बसवला. पुढे मोबाइलची सवय लागलेल्या लोकांना आणि नव्या दुकानदारांना असा खटका असतो, हेच ठाऊक राहिले नाही. २००९ हे साल वाचल्यावर मी त्या लॅपटॉपच्या कडा बोटाने चाचपू लागलो, तो यासाठी. पुढच्या कडेवर डेडस्टॉक क्रमांकाची चिकटपट्टी होती. तिच्याखाली काहीतरी उंचवटा लागला. पट्टी सोलली तर खाली नखाएवढा सरकता खटका! शाळेने पट्टी दाबून बसवली तेव्हाच तो सरकून बंद झाला असावा. खटका उलट्या बाजूला सारला आणि वाय-फायचा दिवा लागला. विद्यार्थी बघतच राहिला.

म्हणून पहिली तपासणी खटक्याची. पुढची कड, उजवी बाजू, डावी बाजू बघा. काही लॅपटॉपांवर खटक्याऐवजी कळफलकाच्या वर बटण असते. एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपांत या बटणाचा दिवा चालू असताना निळा आणि बंद असताना नारिंगी दिसतो. आणखी काहींना खालच्या ओळीतली एफएन ही कळ दाबून धरून वरच्या ओळीतली, मनोऱ्याचे किंवा लहरींचे चित्र असलेली कळ दाबावी लागते. ही कळ कुठे एफ-२, कुठे एफ-३ किंवा एफ-५ असते.

शिवाय दाराला बाहेरून कडी असते तशी आतूनही असते. बाहेरचा खटका उघडा, पण विंडोजमध्ये वाय-फाय बंद किंवा विमान-मोड चालू, असे झाले तरी दार बंदच. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स या मथळ्याखाली बिनतारी कार्डाचे नाव बघा. नावावर खाली बाण असेल तर ते बंद केलेले आहे. उजवे बटण दाबून एनेबल करा. पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, बिघडला आहे. तो लॅपटॉपच्या मॉडेलचा क्रमांक बघून कंपनीच्या पानावरून दुसऱ्या संगणकाने पेनड्राइव्हवर आणता येतो. नावच दिसत नसेल, तर मात्र ड्रायव्हरबरोबर कार्डाचीही शंका घ्यावी. लिनक्स वापरणाऱ्यांना आरएफकिल लिस्ट ही आज्ञा बाहेरची कडी लागली आहे की आतली, हे वेगवेगळे सांगते.

असो. आमचा दिवा लागला, पण काम संपले नाही. जवळपासची दोन-तीन वाय-फायची नावे यादीत दिसली. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट काही दिसेना. "बघा सर, कार्डच गेलंय," तो म्हणाला. मी म्हटले, "गेलं असतं तर शेजाऱ्याचं नाव कसं दिसलं असतं? तुझा मोबाइल कोणत्या सालचा?" मोबाइल नवा होता.

इथे पुन्हा सालांचेच अंतर पडले होते. १९९९ मध्येच वाय-फायला दोन पट्टे मिळाले होते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पण स्वस्त लॅपटॉपांत पुढे बरीच वर्षे फक्त २.४ चेच कार्ड घालत. नवे मोबाइल आणि राउटर वेगासाठी ५ च्या पट्ट्याकडे वळले. जुन्या लॅपटॉपला तो पट्टा ऐकूच येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्‌झ असा निवडला आणि नाव यादीत आले. नव्या आयफोनमध्ये याच कामासाठी मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी हा पर्याय आहे. राउटर असेल तर २.४ चे जाळे वेगळ्या नावाने चालू करून घ्यावे. त्याची वाहिनी १, ६ किंवा ११ ठेवावी, कारण अमेरिकी नियमांप्रमाणे बनलेली काही कार्डे १२ आणि १३ या वाहिन्या ऐकत नाहीत.

त्या दिवशी त्या लॅपटॉपमध्ये एवढे दोनच अडथळे निघाले. पण तो शिक्षक मित्र आसपासच्या शाळांतून सांगत सुटला आणि माझ्याकडे आणखी पिशव्या येऊ लागल्या. त्यांतून तिसरा आणि चौथा अडथळा समजला.

तिसरा अडथळा कुलपाचा. वाय-फायचे नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी लॅपटॉप जोडला जात नाही. वाय-फायच्या पहिल्या नियमातच एक कुलूप होते, डब्ल्यूईपी नावाचे. २००१ मध्ये संशोधकांनी ते कुलूप कसे फोडता येते, हे उघड केले. मग घाईने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये अधिक पक्के डब्ल्यूपीए-२ आले. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ जाहीर झाले. आता नवा मोबाइल तिसऱ्याच कुलपाची किल्ली मागत असेल, तर २००९ चा लॅपटॉप ती कुठून देणार? अशा वेळी हॉटस्पॉटची सुरक्षितता डब्ल्यूपीए-२ वर आणावी. त्याच्या खाली मात्र उतरू नये. कुलूपच काढून टाकणे किंवा जुने डब्ल्यूईपी लावणे म्हणजे दार सताड उघडे टाकणे होय. विंडोज एक्सपी असलेल्या फार जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए-२ कळायला २००८ चा तिसरा सर्व्हिस पॅक बसवलेला हवा, किंवा निदान त्याआधीची वेगळी दुरुस्ती.

चौथा अडथळा मला सर्वांत जवळचा वाटला. एका शाळेचा लॅपटॉप वाय-फायला नीट जोडला जाई, पण एकही पान धड उघडेना. "जोडणी सुरक्षित नाही" असे काहीसे लिहून येई. सगळे वाय-फायला दोष देत होते. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. त्यावर कितीतरी वर्षांपूर्वीचे साल होते! लॅपटॉपच्या आत रुपयाच्या नाण्यासारखा एक छोटा सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की यंत्र तारीख विसरते आणि आपल्या आरंभीच्या सालात जाऊन बसते. आजची संकेतस्थळे आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतात आणि त्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते. दहा-बारा वर्षे मागे बसलेल्या यंत्राला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाही आलेले नाही, असे वाटते; मग ते विश्वास कसा ठेवणार? तारीख नीट केली आणि पाने उघडली. सेल बदलला म्हणजे हा त्रास कायमचा गेला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. काही वेळा भाग खरोखरच बिघडतो. वाय-फायच्या अँटेनाच्या बारीक तारा लॅपटॉपच्या झाकणात, पडद्याच्या कडेने गेलेल्या असतात. बिजागरी दुरुस्त करताना त्यातली एक निसटली, तर राउटरच्या अगदी जवळच तेवढे चालते. कार्ड खरेच गेले असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा वाय-फाय डोंगल मिळतो. तोही नसेल, तर मोबाइल चार्जिंगच्याच केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. फॉर्मपुरते काम भागते. आणखी एक सावधगिरी हवी. विंडोज एक्सपीला कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे २०१४ मध्ये थांबवले, विंडोज ७ ला २०२० मध्ये, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. अशा यंत्रावर पैशांचे व्यवहार करू नयेत. कुणी जाणकार भेटला तर त्यावर लिनक्स बसवून घ्यावे; ते मोफत मिळते आणि जुन्या यंत्रावर बरे चालते.

तेव्हा शिक्षक मित्रहो, लॅपटॉप मेला असे कुणी सांगितले तर चार प्रश्न याच क्रमाने विचारा. खटका उघडा आहे का? पट्टा जुळतो का? कुलूप दोघांना कळते का? आणि यंत्राची तारीख आजची आहे का? या चारही प्रश्नांना पैसा लागत नाही. लागतो तो अर्धा तास आणि यंत्राचे साल. चारही उत्तरे नीट आली आणि तरी काम होत नसेल, तर खुशाल दुकानात जा. पण तिथे काय तपासून आलात, ते सांगता येईल, आणि कार्ड जळाले हे ऐकून लगेच मान डोलवावी लागणार नाही.

त्या वाडीवरच्या शाळेचे फॉर्म मुदतीत भरले गेले. निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे गेला नाही. लॅपटॉप अजून तिथल्या टेबलावर आहे. डेडस्टॉकची चिकटपट्टी आता झाकणाच्या मधोमध लावलेली आहे, आणि खटक्याशेजारी त्या शिक्षकाने स्केच पेनने एक छोटा बाण काढून ठेवला आहे. उद्या त्याची बदली झाली तरी नव्या गुरुजींना तो दिसेल.